दारावरचा पैलवान

आतल्या माणसाच्या पापाची शिक्षा दारावरच्या माणसालाही व्हावी, असं तुम्हीही म्हणता का? पत्रकं चिकटवायची खळ शिजल्याचा वास आला की मला बेचाळीसनंतरची माधवनगरातली एक दुपार आठवते. गिरणी कामगारांना नागवणाऱ्या जुगाराच्या अड्ड्यावर मी आमच्या भूमिगत चळवळीचं पत्रक चिकटवत होतो. दारात मालकाचा राखणदार, उतारवयाचा थकलेला पैलवान, स्टुलावर बसला होता. त्यानं मला हटकलं नाही. “काय लिवलंय रं? मला वाचता येत न्हाई,” एवढंच म्हणाला. मी ताठ मानेनं वाचलं: येत्या बाजाराच्या दिवशी मालकाचे आणि त्याच्या राखणदाराचे पाय मोडले जातील. तो हसला. “मोडा की. गुडघं तर कवाच गेल्यात.” मी चिडून म्हणालो, “मग ही चाकरी सोडा की!” “ज्याचं दूध-बदाम खाऊन कुस्त्या मारल्या, त्याचं दार कसं सोडू गड्या?” असं म्हणत पत्रकाचा सुटलेला कोपरा त्यानंच अंगठ्यानं दाबून बसवला. बाजाराच्या दिवशी मालक आधीच पळाला होता. आमच्या माणसांना स्टुलावर बसलेला पैलवान तेवढा सापडला. त्यानंतर तो कधी उभा राहिला नाही. पत्रकातलं ते वाक्य माझं होतं. मी आजही पत्रकं लिहितो. तुम्हीही लिहाल, तेव्हा दारावरच्या माणसाला त्यात ओढण्याआधी त्याच्याशी एकदा बोलून या.