सुई एक खाच वर

ऑगस्ट २००५ मधल्या एका रविवारी सकाळी, ऐन हिवाळ्यात, न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मधल्या डोंगरावर, एका लहानशा स्की क्लबच्या चढावर, जुनी स्नोमोबाइल चालता चालता बंद पडली. उजवा पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. चालवणारे गृहस्थ हँडलवर आदळले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. ते वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावातले आमचे शेजारी होते, वय अडुसष्ट. गाडीचा सायलेन्सर आठ दिवसांपूर्वी त्यांच्या गॅरेजमध्ये बदलला होता. त्या वेळी तिथे आम्ही तिघं होतो: ते, माझे वडील आणि मी.

वडील त्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. मी सकाळची ट्रेन पकडून वेलिंग्टनला जात असे, बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मुलगी शाळेत. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच वडील घरात एकटे असत. मुलीला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, त्यामुळे ती घरी आल्यावरही फार फरक पडत नसे. पहिले तीन आठवडे ते खिडकीत बसून कचऱ्याच्या बिनची गाडी कोणत्या वारी येते आणि समोरचे लोक कुत्रं किती वाजता फिरवतात हे मला संध्याकाळी सांगत.

चौथ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या गॅरेजमधून टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज आला. वडील पायांत मोजे आणि त्यावर चपला अशा थाटात कुंपण ओलांडून गेले. त्यांनी आयुष्याची तेहतीस वर्षं पुण्यातल्या एका स्कूटर वर्कशॉपमध्ये काढली होती, शेवटची अकरा हेडमेकॅनिक म्हणून. आवाज ऐकून ते शेजाऱ्यांना खुणेने म्हणाले की डावीकडचा प्लग मारत नाहीये. तो खरंच मारत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून शेजारी रोज नऊ वाजता गॅरेजचं रोलर शटर वर करत आणि वडील जात. शेजारी निवृत्त सुतार होते, म्हणून वडील त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यानंतर ते फोनवरही स्वतःला मिस्त्री म्हणवून घेऊ लागले. ते वडिलांना बॉस म्हणत. जँडल्समध्ये, म्हणजे चपलांत, मोजे घालणारा बॉस आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दोघांना मिळून चाळीसेक शब्द पुरत. त्यांतले निम्मे पाना, प्लग, क्लच, गॅस्केट असे होते. वडील संध्याकाळी जेवायला बसत तेव्हा त्यांच्या नखांत ग्रीस असायचं. ते साबणाने जात नाही, असं ते म्हणत. घासताना मी त्यांना पाहिलं नाही.

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची मोटारसायकल. ही क्लबची होती आणि मिस्त्री तिची देखभाल बिनपगारी करत. गॅसचे सिलिंडर आणि किराणा घसरगाडीवर लादून डोंगरावरच्या क्लबच्या झोपडीपर्यंत ओढायचं तिचं काम. शेवटच्या चढाला ती दम सोडायची. मिस्त्रींनी कुठूनसा एक जुना, मधे पोटासारखा फुगलेला सायलेन्सरचा पाइप मिळवला होता. तो बसवला की ताकद वाढते हे त्यांना माहीत होतं. वडिलांनी पाइप हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, बसेल, पण अडकवायला दोन ठिकाणी कान वेल्ड करावे लागतील. दोघांनी चार दिवस त्यात घालवले.

शनिवारी मी घरी होतो. पाइप बसला होता, कार्बोरेटरचं काम राहिलं होतं. वडिलांनी मला बोलावलं, कारण त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि काम बारीक होतं. कार्बोरेटरमध्ये एक निमुळती सुई असते. सुई जितकी वर, तितकं पेट्रोल जास्त. तिच्या डोक्याकडे पाच खाचा असतात आणि त्यांतल्या एका खाचेत नखाएवढी क्लिप बसवून सुई लटकवतात. दोन सिलिंडरना दोन कार्बोरेटर, म्हणून सुयाही दोन. क्लिप दोन्हीकडे मधल्या, तिसऱ्या खाचेत होती.

वडिलांनी कारण आधी सांगितलं. मोकळा सायलेन्सर लावला की इंजिन जास्त हवा ओढतं. हवेच्या प्रमाणात पेट्रोल दिलं नाही तर ते तापतं आणि पिस्टन धरतो. मग म्हणाले, "सुई एक खाच वर घे."

मी क्लिप एक खाच वर घेतली. तिसऱ्यातून दुसऱ्या खाचेत. दोन्ही सुयांची.

"घेतलीस?"

"घेतली."

त्यांनी दाखव म्हटलं नाही. दाखवली असती तरी त्यांना ती दिसली नसती. इंजिन सुरू केल्यावर आवाज धारदार झाला होता. मिस्त्रींनी अंगठा वर केला, "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणाले, आणि वडिलांनी ते शब्द तसेच परत म्हणून दाखवले. अप्पर हटमध्ये बर्फ नव्हता. गाडी ओझं लावून चालवून बघता आली नाही.

क्लिप वर सरकवली की सुई खाली जाते आणि पेट्रोल उलट कमी होतं. हे मला त्या शनिवारी कळलं नाही. अपघातानंतरच्या मंगळवारी दुपारी ऑफिसात, एका कार्बोरेटरची आकृती बघताना कळलं.

त्याच संध्याकाळी मिस्त्री हात प्लास्टरमध्ये घालून आमच्याकडे आले. क्लबच्या कमिटीला अपघाताचा लेखी अहवाल हवा होता. ते डावखुरे होते, त्यांना लिहिता येत नव्हतं. मी पुण्यात नऊ वर्षं वर्तमानपत्रात होतो आणि इथे एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहीत होतो, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, तूच लिही, तुला नीट लिहिता येतं. वडील शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मिस्त्रींनी उजव्या हाताने त्यांचा खांदा थोपटला. वडिलांनी मला विचारलं की हाड सरळ बसवलंय ना, हे त्यांना विचार. मी विचारलं. बसवलंय असं डॉक्टर म्हणतात, असं उत्तर आलं.

अहवाल एक पानाचा झाला. त्यात वेळ, चढ, ओझं, हवामान आणि वेग होता. मिस्त्रींनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची मी दोनदा खात्री केली. कार्बोरेटरबद्दलचं वाक्य आधी मराठीत जुळवलं, कारण तशी वाक्यं मी नऊ वर्षं लिहिली होती: "भारतातून आलेल्या एका अनुभवी मेकॅनिकच्या सल्ल्यानुसार सुईची जागा बदलण्यात आली." मग ते इंग्रजीत केलं. 'बदलण्यात आली' म्हटलं की कोणी बदलली हे सांगावं लागत नाही. वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मिस्त्रींनी वाचून उजव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

कमिटीचं पत्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. यापुढे क्लबच्या यंत्रांना न्यूझीलंडमधलं प्रमाणपत्र नसलेल्या कोणीही हात लावू नये, आणि यंत्रं ठेवलेल्या जागी अशा व्यक्तीला काम करू देऊ नये, असं त्यात होतं. मिस्त्रींनी ते मला कुंपणापाशी दाखवलं. आपल्याला हे पटत नाही, पण गाडी क्लबची आहे, असं ते म्हणाले. बॉसला तूच सांग, असंही म्हणाले.

मी वडिलांना इतकंच सांगितलं की क्लबचा नियम बदलला आहे. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ते मोजे आणि चपला घालून कुंपणापर्यंत गेले. शटर खाली होतं. बायकोची त्या दिवशी सुट्टी होती, तिने पाहिलं. ते वीसेक मिनिटं तिथे उभे होते, मग परत येऊन खिडकीत बसले.

त्यानंतर मिस्त्री दोन वेळा चहाला आले. दोघं समोरासमोर बसत. टेबलावर यंत्र नसल्यामुळे चाळीस शब्दांतले बरेच निरुपयोगी झाले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस वडिलांच्या नखांतलं ग्रीस गेलेलं होतं.

नोव्हेंबरमध्ये त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. बॅगा दिल्यावर आम्ही कॉफी घेतली. ते जुन्या वर्कशॉपबद्दल बोलत होते. नवीन पोरगं आलं की पहिल्या महिन्यात हमखास एक चूक करतं, असं म्हणाले. मी कोणती ते विचारलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

"क्लिप वर गेली की सुई खाली येते. पुन्हा कधी उघडलंस तर ध्यानात ठेव."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मिस्त्री म्हणाले पिस्टन जाम झाला, तेव्हाच."

मग त्यांनी पासपोर्ट कुठे ठेवलाय ते विचारलं. तो त्यांच्या वरच्या खिशात होता.

ते पुन्हा न्यूझीलंडला आले नाहीत. दर वर्षी तिकिटाचा विषय निघे आणि ते म्हणत, तिकडे मी करू काय.

२००८ च्या मार्चमध्ये मिस्त्रींनी घर विकलं. ते बॉटनी डाउन्सला मुलीजवळ राहायला जाणार होते. क्लबने नवी गाडी घेतली होती आणि जुनी त्यांनाच देऊन टाकली होती. अडीच वर्षं ती गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती, तिला कोणी उघडलं नव्हतं. सुट्या भागांसाठी एक गिऱ्हाईक येणार होतं. मिस्त्रींचं डावं मनगट पूर्ण वळत नसे, म्हणून कार्बोरेटर काढायला त्यांनी मला बोलावलं. ते आतल्या बाजूला रंधे आणि पटाशा खोक्यांत भरत होते. बॉस कसा आहे, असं त्यांनी तिथूनच विचारलं. बरे आहेत, असं मी सांगितलं. मी झाकणं उघडली, सुया पाहिल्या, तशाच परत बसवल्या आणि झाकणं लावली. आत सगळं ठीक आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

रविवारी पुण्याला फोन केला. मिस्त्री जाणार हे ऐकून वडिलांनी विचारलं की वाइस कोणी नेला, तो चांगला होता. मिस्त्रींच्या मुलाने नेला, असं मी सांगितलं, आणि कार्बोरेटर मीच उघडले हेही. मग त्यांनी विचारलं की क्लिप कुठल्या खाचेत सापडली. दुसऱ्या, मी म्हणालो.

"मिस्त्रींना दाखवलीस?"

नाही, असं मी सांगितलं.