नितळ पाणी आणि नानांची म्हैस

एरंडोलजवळ नानांचा सूत रंगवायचा छोटा कारखाना. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी त्यांच्या सांडपाण्याच्या चारीतला काळा चिखल न्यायचे. रंग फोडणारे जिवाणू मिळाले तर तिथेच मिळतील, असा माझा अंदाज. नानांची अट एकच: रंग गेलेल्या पाण्याची पहिली बाटली त्यांना दाखवायची. चारी गोठ्याला लागून जायची आणि त्यांचा जीव म्हशीत अडकलेला.

दोन महिने रंग काही हटेना. जिवाणूंना भरपूर हवा मिळावी म्हणून मी तो चिखल आणि कारखान्याचं लाल पाणी भरलेला चंबू हलवणाऱ्या यंत्रावर ठेवायचे आणि वर त्यांच्यावरच चिडायचे. एका रविवारी जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेची वीज गेली, यंत्र थांबलं. सोमवारी पाहते तर लाल पाणी नितळ! हवा कमी पडली तेव्हाच त्यांनी रंग फोडला होता. दोन महिने मीच त्यांना काम करू देत नव्हते.

बाटली घेऊन तडक एरंडोल गाठलं. नानांनी ती उन्हात धरली.

"हाई पानी ते चोखं शे!" म्हणाले आणि सरळ म्हशीच्या बादलीत ओतलं. "लाल पानीले ती तोंड नही लावस. आते पियी."

मी बादली ओढून उपडी केली. रंग तुटला की त्याचे बिनरंगी तुकडे पाण्यात उरतात आणि ते विषारी असू शकतात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. आनंदाच्या भरात साफ विसरले. लाल होतं तोवर म्हैस तरी सावध होती. नानांना हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जळगावात पिंप्राळ्याच्या माझ्या खोलीवर दोन वाट्यांत मेथी पेरली. साध्या पाण्यावरची उगवली, माझ्या नितळ पाण्यावरची कुजली. मग चंबू आधी स्थिर ठेवायचा, रंग गेल्यावर हलवायचा, म्हणजे हवेवर जिवाणू ते तुकडेही मोडतात, असं सुरू केलं. आता थोडी मेथी उगवते. म्हशीला पाजण्याइतकी खात्री अजून नाही.

परवा गेले तर चारी लालच होती, पण गोठ्याच्या बाजूने तिला काटेरी कुंपण घातलेलं.

"नाना, इतकी वर्षं नव्हतं. आता कशाला?"

"तू पानीना रंग काढशी ना," नाना म्हणाले, "मंग कुंपन लागी."