तापातली सुई

आई गेली, त्याला आता महिना होत आला. फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली, तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही... तिच्यापासून एक गोष्ट मी जन्मभर लपवली. आता सांगायला हरकत नाही.

लढाईचे दिवस होते. धाकटा भाऊ माधव जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात फिटर, पाळीवर पाळी चाललेली. त्याला लहानपणापासून साखरेची बीमारी. इन्सुलिनची सुई आईच द्यायची, कारण लोखंड कापणारा हा गडी सुईकडे बघायचासुद्धा नाही! सुई घेऊन जेवण राहिलं, की त्याला दरदरून घाम सुटे, भोवळ येई. आई धावत गूळ भरवी. त्या हिवाळ्यात तो तापाने फणफणला. पाणीही पोटात ठरेना. आई म्हणाली, "पोटात दाणा नाही, अन् सुई काहून देऊ? लेकरू थंडं पडन माझं." कुणालाही हेच वाटलं असतं. दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला धाप लागली होती, शुद्ध नव्हती. माधव परत आला नाही.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात समजावलं. माणूस उपाशी असला तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं, तापात तर जास्तच. त्याला 'पुरे' म्हणणारं इन्सुलिन. तेच नाही, तर साखर चढत जाते, पण पेशींना नीट मिळत नाही. मग शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात जीवघेणं आम्ल साचतं.

घरी आईने विचारलं, "सुई दिली असती तं?"

"काही फरक पडला नसता. तापानंच गेला तो."

तिने मान डोलावली. पुन्हा कधी विचारलं नाही. चला, पटलं बाईला, असं मी धरून चालले. घरात कुणी साखरेच्या बीमारीचं बोलू लागलं, की मी विषय बदलायची.

तेरवीला जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातली एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. म्हणाली, "दीदी, मेरी बिटिया को शुगर है. इसे बुखार आते ही अम्मा आ बैठती थीं. कहती थीं, खाना छूटे तो भी सुई अपने मन से मत रोकना, पहले डॉक्टर से पूछना."

"तिला हे कुणी सांगितलं?"

बाई घुटमळली. "कहती थीं, मैंने रोकी थी... मेरी बेटी को मत बताना, वो समझती है मुझे मालूम नहीं."

इतकी वर्षं, बाई गं! मी तिथेच, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडले.