दोनच गोळ्या कापा

ठाण्याला माजिवड्याजवळच्या एका हॉलमध्ये आम्हा केमिस्ट लोकांची बैठक होती. विषय एकच. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, त्यातली काही औषधं उद्या चिठ्ठी न बघता विकायला परवानगी मिळाली, तर आपलं म्हणणं काय? कल्याणचे एक जण म्हणाले, मिळू दे की, साध्या पित्ताच्या गोळीसाठी गरिबाने डॉक्टरची फी का भरायची. त्यावर दुसरे उसळले. आज चिठ्ठी गेली की उद्या गोळ्या किराणावाल्याकडे बिस्किटांशेजारी लटकतील, मग आपण शिकून करायचं काय? मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. छातीत जळजळत होतं. निघताना दुकानातलीच पित्ताची एक कॅप्सूल गिळली होती, तिचा अजून गुण आला नव्हता.

माझं मेडिकल डोंबिवलीत, स्टेशनपासून लांब. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. दिवसभर माणसं येतात, चिठ्ठी पुढे करतात आणि मोबाइलमध्ये बघत उभी राहतात. खरं सांगायचं तर घरी मला एवढं एकटं वाटत नाही, जेवढं त्या काउंटरमागे वाटतं.

समोरच्या बिल्डिंगमधले एक काका मात्र तसे नाहीत. रिटायर झालेले, काकू गेलेल्या. त्यांना गुडघेदुखीची गोळी हवी असते, आणि चिठ्ठी म्हणून ते शर्टाच्या खिशातून जुन्या स्ट्रिपचा कातरलेला कोपरा काढतात. आमच्याकडे निम्मी गिऱ्हाइकं हेच करतात. मग मी ठरलेलं विचारते. कधीपासून घेताय, जेवण झालं का, डॉक्टरांना दाखवलं का. काका वैतागतात, ही काय पोलीस चौकी आहे का म्हणतात, आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत एकेका प्रश्नाचं सविस्तर उत्तर देत उभे राहतात. दाखवलं नसेल तर मी गोळी देत नाही. रुसून जातात, पण चिठ्ठी घेऊन परत येतात. एकदा चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या होत्या, तरी म्हणाले, दोनच कापा. मी म्हटलं, काका, सगळ्या न्या, जिना उतरायचा त्रास वाचेल.

"सगळ्या नेल्या तर मग यायचं कशाला?" ते म्हणाले.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील, कटकट संपली म्हणतील.

"म्हणजे तुम्ही काही विचारणार नाही?"

"परवानगी मिळाली तर विचारलंच पाहिजे असं नाही राहणार, काका."

त्यांनी खिशातली चिठ्ठी काउंटरवर ठेवली. मी त्यांची स्ट्रिप काढली, कात्री घेतली, तेवढ्यात पुन्हा जळजळ उसळली. शेजारच्या खोक्यातली कॅप्सूल काढून मी पाण्याबरोबर गिळली. हे आता सवयीचंच झालंय. बैठकीत ज्यावरून एवढी भांडणं झाली, ते माझ्यापुरतं केव्हाच झालेलं आहे. सगळं दुकान मला मोकळं, आणि चिठ्ठी मागणारं कोणी नाही.

काका माझ्याकडे बघत होते.

"कधीपासून घेताय?"

बरेच महिने झाले, मी म्हटलं.

"जेवण झालं?"

डबा काउंटरखाली तसाच होता. मी नाही म्हणून मान हलवली.

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

माझेच प्रश्न, माझ्याच क्रमाने. पण इतक्या महिन्यांत ते मला कोणी विचारले नव्हते. तुमची गोळी बघते हं, असं कसंबसं पुटपुटून मी रॅककडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ शोधत राहिले. काकांनी घाई केली नाही. स्ट्रिप माझ्या हातातच होती.