बुजवलेल्या बारवेवरची बाग

त्या खेळाची गोडी आम्हाला माझ्या पुण्याच्या भाच्यानं लावली. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एखाद्या जागी डबी लपवतं आणि मोबाईलवर कोडं टाकतं. कोडं सुटलं की डबीचा ठावठिकाणा कळतो. डबी सापडली की आतली एखादी किरकोळ वस्तू घ्यायची आणि आपली एखादी ठेवायची. माझ्या नणंदबाई, वन्सं, शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. त्यांना हे फार आवडलं. नगरच्या आसपासच्या डब्या शोधून झाल्या, तशा त्याच एकदा म्हणाल्या, "वहिनी, आता जरा लांब जाऊ."

कोडं होतं पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावातल्या बागेचं. बाग होण्याआधी तिथं काय होतं, आणि त्याचे दगड आता कुठे आहेत? एवढंच विचारलं होतं. दिवाळी होऊन गेली होती. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. गाव अर्धं रिकामं होतं, कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली. बऱ्याच दारांत म्हातारी माणसं आणि लहान पोरंच दिसत होती.

चहाच्या टपरीवर पहिलं उत्तर मिळालं. बागेच्या जागी पूर्वी मोठी बारव होती, पायऱ्यांची विहीर. पाणी आटलं, मग लोक कचरा टाकू लागले, शेवटी ती बुजवून वर बाग केली. दगडांवर फुलं कोरलेली होती एवढंच टपरीवाल्याला आठवत होतं, ते गेले कुठे हे ठाऊक नव्हतं.

बागेत एक सहा-सात वर्षांची मुलगी एकटीच घसरगुंडीवर खेळत होती. वन्संनी तिला विचारलं, "बाळ, इथं फुलं कोरलेला दगड कुठं आहे गं?" तिनं लगेच घसरगुंडीच्या पायथ्याशी बोट दाखवलं. तिथं खरंच मातीत अर्धा रुतलेला, कमळ कोरलेला दगड होता. वन्सं इतक्या खूश झाल्या, की डबीत ठेवायला आणलेली प्लॅस्टिकची शिट्टी त्यांनी तिच्या हातात दिली. मुलगी शिट्टी वाजवत घराकडे पळाली.

आम्ही वाकून दगडावरची माती काढत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ बाई, उठा."

चार-पाच माणसं होती. बघता बघता वीस-पंचवीस झाली.

"कुठल्या तुमी?"

"नगरच्या. बागेचा इतिहास बघायला आलोय."

"इतिहास? मंग पोरीला शिट्टी कशापायी दिली?"

आठवडाभर लोकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत होता, खेळणी देऊन पोरं पळवणाऱ्या बायकांचा. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की एकानं वन्संची पिशवी हिसकावून पालथी केली. आतून खेळण्यातल्या दोन गाड्या, एक बाहुली, फुगे आणि माती उकरायचं लहान खुरपं पडलं. गर्दी आणखी जवळ सरकली.

"हिच्या मोबाईलमधी गावाचा नकाशा हाय! खुणा केल्यात!"

मी सांगायला लागले, पण कुणी ऐकेना. कुणीतरी वन्संचा दंड धरला. "पोलिसांना बोलवा," मी कशीबशी म्हणाले. मागून एक जण ओरडला, "पोलीस कशाला? आमी बघतो की." कुणीतरी मोबाईलवर आमचं चित्रण करत होतं. वन्संच्या गालावर थप्पड बसली. चष्मा खाली पडला. त्या माझी साडी मुठीत घट्ट धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात एक म्हातारी वाट काढत पुढे आली. त्या मुलीची आजी. "सोडा तिला," म्हणाली. "माझ्या नातीचं हाय ना? मंग मी ठरवीन." तिनं आम्हा दोघींना दंडाला धरून जवळच्या तिच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली.

आत मिणमिणता उजेड होता. म्हातारी दाराला पाठ लावून बसली, नातीला मांडीवर घट्ट धरून. तिचाही आमच्यावर विश्वास नव्हता, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. बाहेरून दारावर थापा पडत होत्या, पत्र्यावर दगड आला. प्रत्येक आवाजाला वन्सं मला आणखी चिकटून बसायच्या. मी म्हातारीला विचारलं, "तुम्ही आम्हाला का वाचवलं?"

"वाचवलं न्हाई अजून," ती म्हणाली. "पोलिसांना सांगावा धाडलाय, येऊ द्या त्यांना. खोट्या निघालात तर मीच सांगीन. पन दारात बाईमानूस मारलेलं मला बघवायचं न्हाई."

पोलिसांची गाडी आली, तेव्हा म्हातारीनंच उठून कडी काढली. महिला पोलिसानं मोबाईल बघितला, भाच्याला फोन लावला, आमची ओळखपत्रं तपासली. मग आम्हाला गाडीत बसवून गावाबाहेर काढलं. गाडी सुरू होताना म्हातारी खिडकीशी आली. माफी नाही मागितली. "अशी खेळनी घेऊन परक्या गावात नका येऊ बाई," एवढंच म्हणाली. मी मान हलवली.

कोडं टाकणाऱ्याला मी सगळं लिहून कळवलं. तो त्याच गावचा निघाला, हल्ली बाहेरगावी नोकरीला होता. बारव कुणाच्या तरी लक्षात राहावी म्हणून त्यानं ते टाकलं होतं. त्यानं लगेच कोडं काढून टाकलं आणि वन्संना फोन करून रडला. वन्संनीच त्याची समजूत काढली.

पण आता एसटीत शेजारी कुणाचं लहान मूल हसलं, तर त्या हसत नाहीत. दोन्ही हात पदराखाली घेतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात.