थांबून आलेलं हो

परवा दादाच्या मुलानं सांगितलं, आता उपग्रह एकमेकांशी लेझरच्या उजेडानं बोलतात, अन् पुष्कळ खालून फिरतात, त्यामुळे आवाज मधे अडकत नाही. मी म्हटलं, "अरे वा! आता सुचलं होय?" तो हसला. मला काही हसू आलं नाही.

आमच्या आईचा एक पक्का नियम होता. विचारल्याबरोबर आलं तर ते हो, थांबून आलं तर नाही. भात वाढू का म्हटल्यावर पाहुणा घुटमळला, की पातेलं पुढच्या पानाकडे गेलंच. माझं काटोलचं स्थळ तिनं याच हिशेबानं मोडलं, संत्र्याच्या बगिच्यासकट.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. दादा अमेरिकेत, अन् बाबा इकडे महाल भागातल्या घरी अंथरुणाला खिळलेले. दारात चप्पल वाजली की मान वळवायचे. दादाला एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढंच त्यांचं उरलं होतं. घरी फोन नव्हता. दादाचा फोन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात यायचा. त्या रविवारी आई गेली, सोबत मी. जन्मात कधी नाही ते तिनं तोंड उघडून मागितलं, "तुह्या बाबाची हालत ठीक नाही. येशीन का गा?"

पलीकडे शांत. एक श्वासभर. आईचा चेहरा उतरला. "राहू दे. नको येऊ," म्हणाली अन् रिसीव्हर दुकानदाराच्या हातात दिला. रस्ताभर एकच, "गप बसला वं तो. आपलं पोट्टं गप बसलं."

बाबा त्याच पंधरवड्यात गेले. दादा तेराव्याला पोचला अन् आई अन् तो कडाकडा भांडले.

"मी येतो म्हटलं, तूच नको म्हणाली!"

"तू बोललाच कुठं?"

मग दादानंच रागारागात सांगितलं, आवाज वर उपग्रहापर्यंत चढतो, तिथून उतरतो, उत्तर यायला वेळ लागतो. दोघं एकदम बोलले की एकाचं कापलं जातं. आई बघतच राहिली.

"मंग हे मले आधी काहून नाही सांगितलं गा?"

अन् अशी रडली, की बाबा गेले त्या दिवशीही तशी रडली नव्हती. मला दोघांचाही राग आला, अन् बोलू कोणाला तेच कळेना.

पुढे दादाचा फोन आला की ती रिसीव्हर कानाशी धरून नुसती उभी राही. तिकडून ओरडा, "आई? आहेस ना?" एकदा मी कोपर मारलं, "बोल ना वं आई!"

रिसीव्हरवर तळहात ठेवून ती मला म्हणाली, "थांब. त्याचं पुरतं खाली येऊ दे."