नमुना नंबर सात

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. रोजनिशीत फक्त हवा, बोटीची वेळ आणि आंब्याचा मोहर लिहायचा, असं मी ठरवलं होतं. पण वह्या भरल्या त्या लेले मास्तरांच्या क्लासनं! रत्नागिरीच्या बाजारात, भुसारी दुकानाच्या माडीवर मास्तर परदेशी नोकरीची विद्या शिकवत. टायपिंग, व्यापारी पत्रव्यवहार, साहेबासमोर कसं बसायचं, सगळं. मी तिथला कारकून. मशीनला तेल घालता घालता मीही टाइप करायला शिकलो. तेव्हा पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

*

मास्तरांकडे लंडनचा वाणिज्य डिप्लोमा होता. धडे पोस्टानं आले, उत्तरं पोस्टानं गेली, आणि चार वर्षांनी डिप्लोमाही पोस्टानंच आला. मास्तर स्वतः मुंबईपलीकडे गेले नव्हते.

राजिवड्याचे इब्राहीमचाचा, जन्मभर बोटीवर खलाशी असलेले, मुलाला पत्र लिहून घ्यायला यायचे. त्यांनी एकदा भिंतीवरची डिप्लोमाची चौकट निरखली.

"हा कागद लंडनहून आला?"

"हो," मास्तर म्हणाले.

"म्हणजे दर्या ह्यानं ओलांडलान. तुम्ही कधी?"

"योग्य जागा निघाली की."

हे उत्तर मी पुढे अकरा वर्षं ऐकलं.

*

शनिवारी मुलाखतीचा सराव असे. मला कोट चढवून आफ्रिकेतल्या मोंबासाचा मॅनेजर म्हणून खुर्चीत बसवत. पहिल्या शनिवारी सगळी मुलं वहाणा जिन्याखाली काढून अनवाणी आत आली. मास्तर वैतागले. "साहेबाकडे बूट घालूनच आत जायचं!"

पुढच्या शनिवारी निराळीच अडचण. बूट होते एकट्या मास्तरांकडे. मग एकानं आत येऊन मुलाखत द्यायची, बाहेर जाऊन बूट दुसऱ्याला द्यायचे, असं चाललं. लांज्याकडचा महादेव शिगवण सगळ्यांत शेवटी आला. शेतात वाढलेले त्याचे पाय बुटांत मावेनात. तो टाचा बाहेर ठेवूनच चालत आला.

मी मॅनेजरच्या आवाजात विचारलं, "आमच्याकडे कशाला यायचंय?"

"माझ्या मापाचे बूट घ्यायला."

मास्तरांनी त्याला शून्य दिलं. म्हणाले, "उत्तर खरं आहे, पण नमुन्यात नाही."

*

नमुने म्हणजे मास्तरांच्या वहीतली बावीस इंग्रजी पत्रं. नंबर तीन नोकरीचा अर्ज. नंबर सात अर्ज नाकारण्याचं पत्र. त्याचा मराठीत अर्थ असा: 'आपला अर्ज काळजीपूर्वक वाचला. आपल्या योग्यतेबद्दल आम्हांस आदर आहे. सध्या जागा रिकामी नाही. आपले नाव नोंदवून ठेवले आहे.' नियम एकच, नमुन्यातला शब्द बदलायचा नाही.

आमच्या क्लासातल्या गणू सुर्व्याला चिपळूणहून मुलगी सांगून आली. त्याला एवढ्यात लग्न नको होतं. त्यानं मुलीच्या वडिलांना नंबर सात मराठीत उतरवून धाडला. चौथ्या दिवशी ते गृहस्थ पत्र घेऊन माडीवर हजर!

"हे शिकवता होय तुम्ही? माझ्या मुलीचं नाव नोंदवून ठेवलंय म्हणतो!"

मास्तरांनी पत्र हातात घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाले, "समास मात्र बरोबर सोडलान."

*

महादेवनं नंबर तीन टाइप करून मोंबासाच्या एका पेढीला पाठवला, आणि त्याला बोलावणं आलं. बंदरावर, बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढण्याआधी तो मास्तरांच्या पाया पडायला वाकला. मास्तरांनी त्याला मध्येच धरलं.

"तिकडे हे चालत नाही. तिकडे फक्त कागद बोलतो."

पाच वर्षांत तो त्या ऑफिसचा मुख्य झाला. दिवाळीला त्याचं पत्र येई, त्याच्यावरसुद्धा संदर्भ क्रमांक असे. मास्तर ते वर्गात मोठ्यानं वाचत आणि खाली ठेवताना दोनदा घडी नीट करत.

*

मग त्याच पेढीची जाहिरात आली. पत्रव्यवहार सांभाळायला डिप्लोमावाला माणूस हवा होता. मास्तर तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे. दोन दिवस ते कात्रण त्यांच्या खिशात होतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकूच म्हणाल्या, "जाऊन या एकदाचे. नाहीतर जन्मभर मला ऐकवाल, गेलो असतो म्हणून."

मी सुचवलं, "महादेवला खासगी दोन ओळी लिहा."

"नाना, धंद्यात ओळख दाखवायची नाही. मग इतकी वर्षं काय शिकवलं मी?"

त्यांनी नंबर तीन स्वतः टाइप केला. पाच कागद फाडले, सहावा पाठवला. मग नवीन मुलं घेणं थांबवलं, नवे बूट शिवून घेतले, माडी सोडणार असल्याचं दुकानदाराला सांगून टाकलं. बोट लागू नये म्हणून इब्राहीमचाचांनी आमसुलांची पुडी आणून दिली. टपालाच्या दिवशी मास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे राहू लागले.

*

दोन महिन्यांनी लिफाफा आला. मास्तरांनी, वर्गात शिकवत तशीच, कात्रीनं कड सरळ कापली. पत्र एकदा वाचलं आणि माझ्याकडे दिलं.

नंबर सात. एक शब्द इकडचा तिकडे नाही. खाली महादेवची सही.

मशीनं थांबली होती. चाचा बाकावर बसले होते. टेबलाखाली नवे बूट होते, अजून जिना न उतरलेले.

मास्तरांनी पत्र परत घेतलं. खिडकीशी जाऊन उजेडात धरलं. पट्टी मागितली, ती मी दिली. समास मोजला. मग लाल शाईची दौत उघडून कोपऱ्यात लिहिलं, दहापैकी साडेनऊ.

"अर्धा कशाचा कापलात?" मी विचारलं.

"तारीख एक ओळ खाली घातलीन," मास्तर म्हणाले, आणि डिप्लोमाशेजारी ठोकायला त्यांनी मला एक खिळा आणायला सांगितला.